वानरांची शिकार आणि टोळीतील पिलांचा हिशेब

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रावेर तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग उभी आहे आणि दक्षिणेस तापी वाहते, हे चौथीतील मूलही सांगते. या दोहोंमधील काळ्याभोर जमिनीत केळी पिकते, हेही त्यास शिकवावे लागत नाही. परंतु हीच तापी प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत आणखी एका कारणाने नोंदली गेली आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. भारतातील माकडांच्या दोन जातींमधील पश्चिमेकडची सीमारेषा म्हणून शास्त्रज्ञ या नदीकडे पाहात आले. उत्तर तीराच्या बाजूस तांबड्या तोंडाचे, आखूड शेपटीचे माकड. त्याला ऱ्हीसस असे नाव आहे. दक्षिणेस डोक्यावर केसांची चकती बसविल्यासारखे दिसणारे, लांब शेपटीचे टोपी माकड. तिसरा तो काळ्या तोंडाचा, करड्या अंगाचा, लांबलचक शेपटीचा वानर. तो तापीच्या दोन्ही अंगांस आहे. बोलीत तिघांनाही 'वांदर' म्हणून लोक मोकळे होतात. वर्गात मात्र हा भेद शिकविला पाहिजे, कारण या तिघांचे दैव अलीकडच्या शंभर वर्षांत सारखे राहिलेले नाही.

वानरांविषयी बोलू लागले की श्रोत्यांच्या मनात एक प्रश्न हटकून उभा राहतो. वानर संपणार कसा? तो तर गावोगावी आहे, मारुतीच्या देवळावर आहे, सडकेच्या कडेला आहे, पाल गावाकडे जाताना घाटात आहे आणि केळीच्या बागेत तर नको तितका आहे. हा प्रश्न खोटा नाही. पण जे डोळ्यांसमोर वारंवार येते ते अगणित असते, ही समजूत मात्र खोटी आहे. गावाच्या कडेला राहणारी एकच टोळी वर्षभर रोज दिसते, आणि पाहणाऱ्याला ती तीनशे पासष्ट वेळा मोजल्यासारखी वाटते.

जगातील मर्कटकुलाचा आढावा घेणारे एक मोठे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून केलेल्या त्या पाहणीत पाचशेहून अधिक जाती विचारात घेतल्या होत्या. त्यांपैकी सुमारे साठ टक्के जाती नामशेष होण्याच्या मार्गावर आहेत आणि सुमारे पंचाहत्तर टक्के जातींची संख्या घटत आहे, असा निष्कर्ष निघाला. कारणांत जंगलतोड आणि शेतीचा विस्तार ही तर आहेतच. पण शिकार हे कारण वेगळे काढून पाहण्याजोगे आहे. जंगल तोडले की ते दिसते. शिकार झालेले जंगल बाहेरून जसेच्या तसे हिरवेगार राहते, आणि आत प्राणी नसतात. अशा अरण्यास केंट रेडफोर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९२ साली 'रिकामे अरण्य' असे नाव दिले. बोर्निओ बेटावरील ओरांगउटानांविषयी २०१८ साली जे संशोधन पुढे आले त्यात याचाच पडताळा मिळाला. १९९९ ते २०१५ या सोळा वर्षांत तेथील एक लाखाहून अधिक ओरांगउटान नाहीसे झाले, आणि त्यांतील पुष्कळ अशा भागांतून नाहीसे झाले की जेथे झाडे अद्याप उभी होती.

असे का व्हावे? रानडुकरांचीही शिकार होते, सशांचीही होते. ते तर इतक्या झपाट्याने संपत नाहीत. याचे उत्तर जननाच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब सातवीच्या मुलांकडून फळ्यावर सोडवून घेता येईल इतका सोपा आहे.

रानडुकरीण एका वेळी अनेक पिले घालते आणि वर्षभरात ती मोठी होतात. उंदराची तर गोष्टच निराळी. वानराची मादी सुमारे साडेसहा महिने गर्भ वागविते आणि बहुधा एकच पिलू देते. ते पिलू महिनोन् महिने आईच्या पोटाशी राहते. दोन पिलांत सव्वा ते दोन वर्षांचे अंतर पडते. मादी स्वतः प्रथम माता होते ती साडेतीन-चार वर्षांची झाल्यावर. मोठ्या कपींत हे अंतर आणखी वाढत जाते : गोरिलाच्या मादीस सुमारे चार वर्षांनी, चिंपांझीस पाच-सहा वर्षांनी आणि ओरांगउटानच्या मादीस सात-आठ वर्षांनी एक पिलू होते.

आता समजा, एका टोळीत वयात आलेल्या दहा माद्या आहेत आणि प्रत्येकीस दोन वर्षांतून एक पिलू होते. वर्षास पाच पिले झाली. त्यांतील दोन पहिल्याच वर्षात पडून, आजाराने अथवा बिबट्याच्या तोंडी जातात. उरलेल्या तिघांतील एक वयात येण्यापूर्वी मरते. राहिली दोन, त्यांत एक नर, एक मादी. इकडे दहा माद्यांतील एक वृद्धपणाने वा रोगाने दरसाल जातेच. म्हणजे एक आली, एक गेली. टोळी आहे तेवढीच राहिली. आता कोणी वर्षास फक्त एक मादी मारली तर काय होईल? दहा वर्षांत टोळीत मादी उरणार नाही. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, निरनिराळ्या रानांत ते थोडे निराळे येतील; परंतु गणिताची तऱ्हा बदलत नाही. वर्षास एक! इतकी अल्प शिकार कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. शिकारी स्वतःदेखील शपथेवर सांगेल की, आपण वर्षाकाठी एखादेच जनावर मारतो.

त्यातही मारलेली मादी अंगावर पाजणारी असेल तर एका गोळीने दोन जीव जातात. जगात कित्येक ठिकाणी तर पिलासाठीच आईला मारतात. पिलू जिवंत धरून विकावयाचे तर आई ते सुखासुखी सोडीत नाही, म्हणून तिला आधी ठार करतात. बाजारात पिंजऱ्यात दिसणाऱ्या एका पिलामागे एक मेलेली आई असते, आणि पुष्कळदा वाटेत दगावलेली आणखी पिलेही असतात.

टोळीतला मोठा नर मारला तर काय होते, याविषयी एक निरीक्षण धारवाड येथे झालेले आहे. युकिमारू सुगियामा नावाचे जपानी शास्त्रज्ञ १९६१ ते १९६३ या काळात धारवाडच्या परिसरातील वानरांचा अभ्यास करीत होते. काळ्या तोंडाच्या वानरांच्या पुष्कळशा टोळ्यांत पूर्ण वाढलेला नर एकच असतो. बाकी माद्या आणि पिले. इतर नर वेगळा जथा करून भटकतात. सुगियामांना असे आढळले की, बाहेरच्या नरांनी टोळी जिंकली म्हणजे आधीच्या नराची तान्ही पिले मारली जातात. पुढे त्यांनी प्रयोगादाखल एका टोळीतील नर धरून बाजूला काढला. शेजारचा नर टोळीत शिरला आणि तेथेही पिलांचा बळी गेला. नंतर राजस्थानात जोधपूर आणि अबू येथे झालेल्या अभ्यासांतूनही अशा घटना नोंदल्या गेल्या. पिले गेली की माता लवकर पुन्हा माजावर येतात आणि नव्या नराची संतती वाढते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. शास्त्रज्ञांत त्यावर पुष्कळ वाद झाला. तो येथे सांगण्याचे कारण नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, शेतकरी रागाच्या भरात टोळीचा जो 'हुप्प्या' मारतो, तो एकटा मरेलच असे नाही. त्याच्यामागे त्या वर्षाची पिलेही जाऊ शकतात, आणि ती कोणी मारली हे कोणालाच कळत नाही.

हे झाले एकेका टोळीचे. परंतु एका संपूर्ण जातीचा ऱ्हास कसा होतो, याचे ठळक उदाहरण भारतातच, तेही अगदी अलीकडे, घडून गेले आहे. ते तापीच्या उत्तरेकडील तांबड्या तोंडाच्या माकडाचे.

या माकडाचे शरीर मनुष्याच्या शरीराशी पुष्कळ बाबतींत मिळतेजुळते असल्याने वैद्यकीय संशोधनात त्याला मोठी मागणी होती. १९३८ साली कार्पेंटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतातून अशी शेकडो माकडे जहाजाने नेली आणि चारशेहून अधिक पोर्टो रिकोजवळच्या एका लहानशा बेटावर सोडली. त्यांची वंशावळ आजही तेथे नांदते आहे. ती संख्या किरकोळ होती. खरी मागणी वाढली ती पोलिओच्या लसीमुळे. पोलिओचे विषाणू शरीराबाहेर ऊतकांत वाढविता येतात हे १९४९ साली सिद्ध झाले, आणि १९५५ साली डॉ. साल्क यांची लस सर्वांसाठी जाहीर झाली. ही लस तयार करण्यासाठी विषाणू वाढवावे लागत ते माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर. आणि ते माकड बहुधा भारतातील ऱ्हीसस असे.

पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात दरसाल एक लाखाहून अधिक माकडे भारतातून विमानाने परदेशी गेली. उत्तर प्रदेशातील सडका, कालवे, बाजारपेठा, देवळांचे घाट येथून फासेपारध्यांनी जाळी लावून ती धरावीत, दिल्ली-लखनौच्या व्यापाऱ्यांनी ती पिंजऱ्यांत भरावीत आणि विमानाने पाठवावीत, असा तो क्रम होता. १९५५ च्या जानेवारीत लंडनच्या विमानतळावर सुमारे चारशे माकडे गुदमरून मेली. त्यावर भारतात मोठा क्षोभ झाला आणि सरकारने निर्यात थांबविली. परंतु लसीची निकड ध्यानी घेऊन काही अटींवर थोड्याच अवधीत ती पुन्हा सुरू झाली.

येथे शिक्षकाने वर्गात तोल सांभाळावा लागतो. पोलिओची लस हे मानवजातीवरील मोठे उपकार होत. २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. ज्या आयांच्या मुलांचे पाय त्या लसीने वाचले, त्यांच्यापुढे माकडाचे दुःख मोठे करून सांगणे शहाणपणाचे नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९६२ साली जपानमध्ये माकडाच्या मूत्रपिंडापासून एक अशी पेशीमालिका तयार झाली, जी प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहते. तीवर पुढे लसी बनू लागल्या आणि प्रत्येक खेपेस नवे माकड मारण्याची गरज उरली नाही. ही वाट सापडेपर्यंत, आणि सापडल्यानंतरही पुष्कळ वर्षे, माकडे धरली जातच होती. लसीचे नाव पुढे करून इतर कामांसाठीही ती नेली गेली. अमेरिकेत किरणोत्साराच्या लष्करी प्रयोगांत भारतीय माकडे वापरली गेल्याचे सत्तरच्या दशकात उघडकीस आले, तेव्हा मोरारजी देसाई पंतप्रधान असताना भारत सरकारने १९७८ पासून निर्यात पूर्णपणे बंद केली.

या साऱ्या व्यवहारात शास्त्रज्ञांना सर्वांत बोलकी वाटली ती वेगळीच गोष्ट. चार्ल्स साउथविक हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आणि त्यांचे अलीगढ विद्यापीठातील सहकारी मिर्झा अझर बेग व सिद्दिकी यांनी १९५९-६० साली उत्तर प्रदेशात गावोगाव, सडकांच्या कडेने, कालव्यांच्या काठाने आणि वनांतून माकडांची मोजदाद केली. माकडे पुष्कळ होती. वरवर पाहणाऱ्याला चिंतेचे कारण दिसले नसते. पण टोळ्यांची वर्गवारी करता असे आढळले की, मोठी माकडे आहेत, अंगावरची तान्ही पिले आहेत, आणि मधल्या वयाची, एक ते तीन वर्षांची माकडे मात्र असावीत त्याहून फार थोडी आहेत. पाठविण्यास सोयीची म्हणून व्यापाऱ्यांची मागणी नेमकी त्याच वयाची होती. घरात आजी-आजोबा आहेत, पाळण्यात बाळ आहे आणि शाळेत जाणारे मूलच नाही, असे सबंध गावात दिसावे, तसा तो प्रकार. पुढची पिढी घडणारी तीच. ती नसली तर म्हातारी माकडे मरू लागल्यावर संख्या एकदम कोसळणार, हे त्या आकड्यांवरूनच दिसत होते. झालेही तसेच. १९६० च्या सुमारास देशात वीस लाखांच्या घरात असल्याचा अंदाज असलेली ही माकडे १९८० च्या सुमारास दोन लाखांच्या आत आली, असा अंदाज साउथविक आणि सिद्दिकी यांच्या पुढील पाहण्यांतून निघाला. पकडण्याखेरीज अन्य कारणेही होती. सडकेकाठची झाडे गेली, लोकांची सहनशीलता कमी झाली. तथापि निर्यातबंदीनंतर संख्या पुन्हा सावरू लागली, यावरून पकडण्याचा वाटा केवढा होता हे कळते. अलीगढ जिल्ह्यातील छतारी येथील माकडांना गावकऱ्यांनी कोणास हात लावू दिला नाही. सभोवार टोळ्या नाहीशा होत असता ती मात्र वाढत गेली.

ज्या देशात गावागावाच्या वेशीवर मारुती उभा आहे, त्या देशात हे कसे घडले, असे कोणी विचारील. श्रद्धेने वानरांचे आजवर जे रक्षण केले त्यास तोड नाही. धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावात बत्तीस एकर जमीन वानरांच्या नावे नोंदलेली असल्याचे वृत्त २०२२ साली सर्वत्र प्रसिद्ध झाले होते. असे गाव जगाच्या पाठीवर दुसरे असेल की नाही, शंकाच आहे. परंतु श्रद्धा ही हाताच्या अंतरावर काम करते. आपल्या अंगणात कोणी वानर मारू लागला तर गाव त्याचा हात धरते. 'लांब नेऊन सोडतो' असे सांगून कोणी पिंजरा लावला, तर तेच गाव सुटकेचा निःश्वास टाकते आणि पिंजरा पुढे कोठे गेला ते विचारीत नाही. माकडे उचलून दुसरीकडे सोडण्याच्या या चालीमुळे आणखी एक घोटाळा झाला आहे. उत्तरेचे तांबड्या तोंडाचे माकड आता तापी-गोदावरीची सीमा ओलांडून दक्षिणेकडे पसरले असून टोपी माकडाची जागा घेऊ लागले आहे, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. म्हणजे एका जातीचा उपद्रव टाळण्याच्या खटाटोपात दुसऱ्या जातीचे घर जात आहे.

सह्याद्रीच्या दक्षिण भागात याहून बिकट स्थिती आहे. तेथील सिंहपुच्छ माकड, म्हणजे काळ्या अंगाचे आणि चेहऱ्याभोवती करड्या आयाळीचे माकड, केवळ दाट सदाहरित रानातच राहते. केरळातील सायलेंट व्हॅलीच्या रक्षणासाठी झालेल्या चळवळीत या माकडाचे नाव देशभर गेले, आणि १९८४ साली तेथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. कर्नाटकात मात्र कोडगूसारख्या भागांत, जंगल शिल्लक असूनही मांसासाठी झालेल्या शिकारीने हे माकड जवळजवळ दिसेनासे झाले. आणि ज्या शिरसी-होन्नावरच्या रानांत लोक त्यास फारसे मारीत नाहीत, तेथे ते बऱ्या संख्येने टिकून राहिले. त्याचाच शेजारी निलगिरी वानर. त्याच्या मांसापासून दमा-खोकल्यावर रसायन करतात अशा समजुतीने तो फार मारला गेला. १९७२ च्या कायद्यानंतर त्याची संख्या पुन्हा वाढली. औषधाची समजूत मोठी चिवट असते. एखाद्या प्राण्याच्या मांसाने दमा जातो असे आजोबांनी सांगितले की नातू ते तपासून पाहात नाही; शाळेत आरोग्याचा पाठ घेताना हे ध्यानात ठेवावे.

आफ्रिकेत ही गोष्ट शेवटच्या टोकास गेली आहे. घाना आणि आयव्हरी कोस्ट या देशांच्या रानांत 'मिस वॉल्ड्रनचा तांबडा कोलोबस' नावाचे एक माकड होते. १९७८ नंतर ते कोणा शास्त्रज्ञास जिवंत दिसलेले नाही. २००० साली तज्ज्ञांनी ते बहुधा नामशेष झाले असे जाहीर केले. रानात लाकूडतोडीच्या सडका झाल्या, त्या सडकांनी बंदुका आत गेल्या आणि मांस शहरातील बाजारात आले. पूर्वीचा आदिवासी आपल्या चुलीपुरते मारी. त्यालाही मर्यादा असे. बाजाराच्या पोटाला ती नसते.

मांसासाठी माकड मारण्याचा आणखी एक परिणाम मनुष्याला भोगावा लागला आहे. एड्सचा विषाणू मूळचा मध्य आफ्रिकेतील चिंपांझींतील विषाणूपासून आला आणि शिकारीच्या वेळी रक्ताशी आलेल्या संपर्कातून मनुष्यात शिरला, असे शास्त्रज्ञ मानतात. महाराष्ट्रातही माकडतापाचे उदाहरण आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. गोचिडीवाटे पसरणारा हा रोग २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्गकडे उद्भवला. मेलेल्या माकडास मुलांनी हात लावू नये आणि ते दिसताच वनखात्यास व आरोग्य केंद्रास कळवावे, ही सूचना शाळेच्या फलकावर लिहिण्याजोगी आहे.

आता रावेरकडे पुन्हा वळू. सातपुड्याच्या या बाजूस १९६९ साली यावल अभयारण्य घोषित झाले आणि पाल हे गाव त्याच परिसरात आहे. सातपुड्याच्या रानांत चितळांचे कळप वानरांच्या झाडाखाली चरताना आढळतात. वानर वर पाला आणि फळे खातो तेव्हा अर्धे खाली टाकतो. ते खाली चितळाला मिळते. बिबट्याची चाहूल लागली की वानर खेकसतो आणि चितळ सावध होते. फळे खाऊन बिया दूर टाकण्याचे कामही माकडे करतात. टोळी नाहीशी झाली तर या सगळ्यांत काय काय फरक पडेल, हे पूर्णपणे सांगणे कठीण आहे. पण काहीच पडणार नाही असे समजणे भाबडेपणाचे होईल.

या भाषणात शेतकऱ्याची बाजू टाळून चालणार नाही, कारण शाळेतील मूल त्याच्याच घरचे आहे. मृगबागेची असो की कांदेबागेची, केळी म्हणजे वर्ष-दीड वर्षाचे भांडवल. पील लावल्यापासून घड कापीपर्यंत पाणी, खत, मजुरी यांत घरातील दागिनाही जातो. बागेत शिरलेली टोळी खाते थोडे आणि नासते अधिक. त्या शेतकऱ्यास प्राणिमात्रांवर दया करण्याचा उपदेश केला तर तो ऐकून घेईल आणि मनातल्या मनात हसेल. त्याला सांगावयाचे ते व्यवहाराचे. एक टोळी मारून अथवा उचलून नेली तर मोकळी जागा शेजारची टोळी भरून काढते. चार महिन्यांत बाग पुन्हा तेथेच. घुसखोरी थांबते ती सतत राखणीने, पडलेली फळे आणि टाकलेले घड बांधावर न ठेवल्याने, आणि सडकेवर व देवळापाशी खाऊ घालण्याची सवय मोडल्याने. शनिवारी मारुतीपुढे हौसेने केळी खाऊ घालणारे गृहस्थ आणि रविवारी बागेतून वानर हुसकणारे गृहस्थ कित्येकदा एकच असतात. रानडुकरासाठी कुंपणात सोडलेली विजेची तार आणि दाण्यांत कालविलेले विष तर कोणालाही ओळखीत नाही. त्यात वानर मरतो, शेजाऱ्याची गाय मरते आणि कधी माणूसही मरतो. पिकाच्या नुकसानीबद्दल शासनाची भरपाई ज्या वन्य प्राण्यांसाठी ठरविण्यात आली त्यांत माकडाचाही उल्लेख आहे. तेव्हा नुकसान होताच वेळेवर अर्ज करणे आणि पंचनामा करून घेणे, हे लिहिता-वाचता येणाऱ्या मुलाने आपल्या वडिलांना समजावून द्यावे.

कायद्यासंबंधी दोन शब्द पुरेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ केवळ बंदुकीने मारणे असा नाही. पकडणे, फास वा सापळा लावणे, विष घालणे, आमिष दाखविणे, आणि यांतील कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे शिकारच होय. याच कायद्यात २०२२ साली झालेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने तांबड्या तोंडाच्या माकडाचे नाव संरक्षित प्राण्यांच्या सूचीतून वगळले गेले. माकडांचा उपद्रव वाढल्याची तक्रार त्यामागे होती आणि ती तक्रार खोटी नव्हती. परंतु वीस वर्षांत वीस लाखांवरून दोन लाखांवर आलेला जो प्राणी, तो हाच. एवढी नोंद त्या चर्चेत अधिक ठळक व्हावयास हवी होती.

शिक्षकांना यात करण्यासारखे एक काम आहे, आणि त्यास पैसा लागत नाही. पाल, खिरोदा, रावेर आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या इतर गावांत वानरांच्या टोळ्या शाळेच्या आसपास येतात. सहावी-सातवीच्या मुलांनी एक साधी वही घालावी. तीत तारीख, वेळ, जागा आणि झाड लिहावे. मग चार रकाने : मोठे नर, मोठ्या माद्या, आईच्या अंगावरची पिले, आणि आईपासून सुटलेली परंतु पूर्ण न वाढलेली पोरे. अलीगढच्या पाहणीत ज्याने खरी गोष्ट सांगितली तो चौथा रकाना. मुलांनी अंतर राखावे, बेचकी घरी ठेवावी, खाऊ देऊ नये. टोळी निजावयाच्या झाडावरून पहाटे उतरते तेव्हा, उघड्या जागेवरून एकामागून एक जात असता, मोजणे सोपे पडते. सायंकाळी झाडावर चढताना पुन्हा एकदा मोजून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. मिळाले नाहीत तर खोडू नयेत, तसेच राहू द्यावेत. दर महिन्यास एकदा, शक्यतो त्याच आठवड्यात ही मोजणी व्हावी. वर्गातील मुले पुढच्या वर्षी वरच्या वर्गात जातील, म्हणून वही मुलाच्या दप्तरात न ठेवता शाळेच्या कपाटात ठेवावी.